फाइलमधली पातळी कलाकाराची नसते

हिंदुस्थानी संगीताचा डिजिटल संग्रह बाळगणाऱ्या रसिकांमध्ये एक मत जवळजवळ सर्वमान्य आहे. संग्रहातल्या वेगवेगळ्या ध्वनिमुद्रणांचा आवाज एका पातळीवर आणणं हा संगीतावर अत्याचार आहे. खऱ्या रसिकानं फाइल आहे तशी ऐकावी, आवाज कमी-जास्त वाटलाच तर बटण फिरवावं. हे मत मांडणारी माणसं उथळ नाहीत. त्यांनी तबकड्या जपल्या, स्पूलवरच्या मैफली उतरवून घेतल्या, कोणत्या साली कोणी कुठे काय गायलं याची टिपणं ठेवली. आज अब्दुल करीम खाँसाहेब किंवा केसरबाई घरबसल्या ऐकायला मिळतात, त्यात या मंडळींच्या कष्टांचा वाटा मोठा आहे. म्हणूनच त्यांचं म्हणणं आधी नीट समजून घेतलं पाहिजे आणि मगच खोडलं पाहिजे. ते मत चुकीचं आहे, आणि त्यांना जे जपायचं आहे त्यालाच त्यानं धक्का बसतो, असं माझं म्हणणं आहे.

पूर्वपक्ष असा. ख्यालगायनाचा डौल आवाजाच्या चढउतारात आहे. विलंबिताची पहिली आवर्तनं गायक दबत्या, चाचपणाऱ्या आवाजात घेतो. तारषड्ज लागतो तेव्हा आवाज खुलतो. द्रुतात तबला मोकळा होतो. ही चढण सपाट केली तर मैफलीत उरतं काय? शिवाय ध्वनिमुद्रण हा दस्तऐवज आहे, त्यात हात घालण्याचा अधिकार ऐकणाऱ्याला नाही. तिसरा आक्षेप तांत्रिक आहे: डिजिटल आवाज कमी केला की बिट कमी होतात, म्हणजे बारकावे जातात. आणि चौथा, मला सर्वांत वजनदार वाटणारा: बीन आणि सनई, ठुमरी आणि धमार यांना एकच माप लावणाऱ्या यंत्राला संगीत कळत नाही. या सगळ्यामागे प्रत्यक्ष अनुभवही आहे. अनेकांनी कधीतरी एखाद्या सॉफ्टवेअरमध्ये ‘नॉर्मलाइज’ दाबून पाहिलं, आवडती मैफल बिघडलेली ऐकली आणि कानाला खडा लावला.

तो अनुभव खरा आहे, पण त्यावरून काढलेला निष्कर्ष खरा नाही. ‘आवाज सारखा करणं’ या एका नावाखाली तीन वेगवेगळ्या क्रिया चालतात. त्यांतल्या दोघींचा दोष तिसरीच्या माथी मारला गेला आहे. न्यायशास्त्राच्या भाषेत ही सरळ अतिव्याप्ती आहे. साध्या मराठीत चोर सोडून संन्याशाला सुळी.

पहिली क्रिया पीक नॉर्मलायझेशनची. जुन्या अठ्ठ्याहत्तर फेऱ्यांच्या तबकडीवरून उतरवलेली एखादी फाइल संगणकावर उघडून पाहा. तरंगाची पट्टी बहुतेक ठिकाणी बोटभर जाडीची दिसते, आणि मध्येच कुठेतरी एक बारीक उभी रेघ थेट वरच्या कडेला भिडलेली असते. ती रेघ म्हणजे तबकडीवरचा ओरखडा. ऐकताना तो नुसता ‘टक्’ असा जाणवतो, सेकंदाच्या हजाराव्या भागाइतका. पीक नॉर्मलायझेशन काय करतं? फाइलमधला सर्वांत उंच बिंदू शोधतं आणि तो कमाल मर्यादेला टेकेपर्यंत सगळी फाइल वर उचलतं. इथे सर्वांत उंच बिंदू तो ओरखडाच आहे आणि तो आधीच कडेला टेकलेला आहे. त्यामुळे गाणं जागचं हलत नाही. शेजारच्या फाइलमधली तबकडी स्वच्छ असेल, तर ती मात्र आठ-दहा डेसिबलनं वर जाते. सारखेपणा आणायला निघालो आणि तफावत वाढवून बसलो. ओरखड्याच्या जागी चाटेवरची एखादी खणखणीत थाप असली तरी हेच होतं. कानाला आवाज किती मोठा वाटतो हे सर्वांत उंच बिंदूवर ठरत नाही. काही काळ सलग ऐकू येणाऱ्या ऊर्जेवर ठरतं. त्यामुळे ही पद्धत या कामाला निरुपयोगी आहे, याबद्दल पूर्वपक्षाशी माझा वाद नाही.

दुसरी क्रिया कॉम्प्रेशनची. मोठा आवाज दाबायचा आणि लहान उचलायचा, तोही गाणं चालू असताना, क्षणाक्षणाला. आपल्या संगीतावर तिचा परिणाम फार वाईट होतो. गायक श्वास घ्यायला थांबला की तंबोरे एकदम उसळून वर येतात, सूर लागला की पुन्हा खाली दबतात. सगळी बैठक हेलकावे खाऊ लागते. मींड संपताना जो आवाज विरत जायला हवा तो विरतच नाही. ‘सपाट केलं’ अशी रसिकांची तक्रार असते ती या क्रियेबद्दल, आणि ती शंभर टक्के रास्त आहे.

तिसरी क्रिया मात्र निराळी आहे. संपूर्ण ध्वनिमुद्रण आधी शेवटपर्यंत मोजायचं, त्याचा एकंदर आवाज कानाला किती मोठा वाटेल ते ठरवायचं आणि मग सगळ्या ध्वनिमुद्रणाला एकच आकडा लावायचा: इतके डेसिबल वर किंवा इतके डेसिबल खाली. समजा, बड्या ख्यालाची सुरुवात उणे ३८ डेसिबलवर आहे आणि द्रुताचा शेवट उणे १४ वर. दोन्हींत अंतर २४ डेसिबलचं. ही मैफल पाच डेसिबलनं खाली आणली की सुरुवात उणे ४३ वर येते, शेवट उणे १९ वर, आणि अंतर २४ चं २४ राहतं. चढण तीच, उतार तोच, शेवटची तिहाई तितकीच अंगावर येणारी. यात सपाट काय झालं?

हे मोजमापही हवेतलं नाही. २००१ साली डेव्हिड रॉबिन्सन यांनी ‘रिप्लेगेन’ ही पद्धत मांडली. तिच्यातला मुख्य विचार फार सभ्य होता: ध्वनीच्या माहितीला हातच लावायचा नाही, मोजून आलेला आकडा फाइलच्या टॅगमध्ये, म्हणजे जिथे रागाचं आणि गायकाचं नाव असतं तिथे, लिहून ठेवायचा. वाजवताना प्लेअर तो आकडा वाचतो आणि तेवढा आवाज वर-खाली करतो. टॅग पुसला की फाइल जशीच्या तशी. पुढे २००६ मध्ये आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघानं बीएस १७७० हे मोजमापाचं मानक काढलं आणि २०१० मध्ये युरोपीय प्रसारण संघानं त्यावर आर १२८ ही शिफारस उभी केली. टीव्हीवर कार्यक्रमापेक्षा जाहिराती कानठळ्या बसवतात, या तक्रारीचा त्यामागे मोठा हात होता. आपल्याकडे १९९४ च्या केबल टेलिव्हिजन नियमांमध्येही जाहिरातीचा आवाज अवाजवी मोठा नसावा असं म्हटलं आहे. पण ‘अवाजवी’ म्हणजे किती, हे ठरवणारा आकडा त्यात नव्हता. आर १२८ ने तो दिला: उणे २३ लफ्स (कानाला जाणवणाऱ्या आवाजाचं, डेसिबलच्याच पायऱ्यांचं एकक).

या मानकातली एक गोष्ट तर मैफलीसाठीच योजल्यासारखी वाटते. ध्वनिमुद्रणाचे ४०० मिलिसेकंदांचे, एकमेकांवर चढलेले तुकडे पाडून प्रत्येकाची ऊर्जा मोजली जाते. मग सरासरीपेक्षा १० एककांहून जास्त हळू असलेले तुकडे हिशेबातून वगळले जातात. गाणं सुरू होण्याआधी नुसते तंबोरे जुळत असतात, मध्येच तबलजी हातोडी घेऊन गट्टे ठोकत असतो, दोन चिजांच्या मध्ये हळू आवाजात बोलणं चालतं. हे सगळं धरून सरासरी काढली असती तर मैफल आहे त्यापेक्षा हळू ठरली असती आणि तिचा आवाज उगाच वाढवला गेला असता. १० एककांच्या त्या अटीमुळे तसं होत नाही. यंत्राला राग कळत नाही हे मान्य. पण गाणं कुठे चालू आहे आणि कुठे नाही, एवढं त्याला बऱ्यापैकी कळतं.

आता दस्तऐवजाच्या पावित्र्याचा मुद्दा. त्यात एक गृहीत दडलेलं आहे: फाइलमध्ये आवाजाची जी पातळी आहे ती मूळची, कलाकारानं ठरवलेली आहे. इतिहास या गृहीताच्या बाजूचा नाही. १९०२ च्या नोव्हेंबरात ध्वनिमुद्रक फ्रेड गायस्बर्ग यांनी कलकत्त्यात गौहर जानचं गाणं मुद्रित केलं तेव्हा विजेचा मायक्रोफोन नव्हता. कर्ण्यासमोर गायचं, आणि त्या आवाजाच्या धक्क्यानंच सुई मेणात खाच पाडणार. त्या जमान्यात गायकानं कर्ण्यापासून किती अंतरावर उभं राहायचं, जोरकस तार स्वराला किती मागे सरायचं, हे तंत्रज्ञाच्या गरजेनं ठरे. १९२५ पासून विद्युत ध्वनिमुद्रण आलं आणि ती पातळी यंत्रावर बसलेल्या माणसाच्या हातात गेली. एलपी आल्यावर आणखी एक बंधन आलं. तबकडीच्या एका बाजूला २५ मिनिटांचा राग बसवायचा तर खाचा एकमेकींच्या जवळ आणाव्या लागतात; खाचा जवळ आणायच्या तर आवाज कमी ठेवावा लागतो. म्हणून एका बाजूवर अखंड राग असलेली एलपी आणि त्याच कारखान्यातून निघालेली, बाजूला चार छोटी गाणी असलेली एलपी यांच्या पातळीत फरक पडतो. तो फरक गायकीचा नसून खाचेच्या रुंदीचा आहे.

आणि हे झालं तबकडी बाजारात येईपर्यंतचं. ती संग्राहकाच्या घरी उतरवली जाते तेव्हा सुई कोणती, प्रीॲम्प्लिफायर कोणता, संगणकाच्या साउंड कार्डवरचं बटण कुठे होतं, यावर फाइलची पातळी ठरते. गोव्यातल्या केरीच्या केसरबाईंची ‘जात कहाँ हो’ ही भैरवी १९७७ साली व्हॉयेजर यानांबरोबर अवकाशात गेली. तेच गाणं एका संग्राहकाकडे जुन्या तबकडीवरून उतरवलेलं असेल, दुसऱ्याकडे नंतरच्या एलपीवरून, तिसऱ्याकडे आणखी नंतरच्या डिजिटल आवृत्तीतून. या प्रतींची पातळी एकमेकींशी जुळण्याचं काही कारणच नाही. मग केसरबाईंची पातळी कोणती? कोणतीच नाही. केसरबाईंचा सूर, दम, तानेची वीण, लयीशी चाललेला व्यवहार, हे सगळं त्या तिन्ही प्रतींत आहे आणि त्याला आकडा लावल्यानं धक्का लागत नाही. आकडा बदलतो तो उतरवणाऱ्याच्या बटणाचा. दस्तऐवज जपायचाच असेल तर मूळ फाइल शाबूत ठेवून शेजारी टॅग लिहिणं हेच दस्तऐवज जपणाऱ्या माणसाचं काम आहे. ग्रंथपाल पोथीला वेष्टन घालतो, त्यावर क्रमांक लिहितो. पोथीत खाडाखोड केली असा आरोप त्याच्यावर कुणी करत नाही.

‘बटण फिरवा’ हा सल्ला तर आपल्याच पायावर धोंडा पाडून घेणारा आहे. बटण फिरवणं म्हणजे सगळ्या ध्वनिमुद्रणाला एक आकडा लावणंच. टॅगही तेच करतो. हातानं केलेलं चालतं आणि मोजून केलेलं चालत नाही, हा वदतो व्याघात झाला. फरक इतकाच की हात अंदाजानं चालतो आणि उशिरा चालतो. तीन-तीन मिनिटांच्या तबकड्या एकापाठोपाठ लावून ऐकणाऱ्याला दर तीन मिनिटांनी उठावं लागतं. हेडफोन लावून पडल्या पडल्या ऐकणाऱ्या वयस्क माणसाच्या कानात हळू आवाजाच्या स्पूलनंतर एकदम नव्या सीडीचा आवाज आदळतो. हे रसिकतेचं लक्षण म्हणून सोसायचं कशासाठी?

बिटांचा आक्षेप आकड्यांनीच निकालात निघतो. १६ बिटांच्या ध्वनीत सर्वांत मोठ्या आणि सर्वांत लहान आवाजात सुमारे ९६ डेसिबलचं अंतर मावतं. एक बिट म्हणजे सहा डेसिबल. एखादी फाइल १२ डेसिबलनं खाली आणली तर वाईटात वाईट दोन बिट जातात आणि ८४ डेसिबल उरतात. अठ्ठ्याहत्तर फेऱ्यांच्या चांगल्या तबकडीतही गाणं आणि खरखर यांत ४० डेसिबलच्या आसपासच अंतर असतं. म्हणजे जे बारकावे गेले म्हणून आपण हळहळतो ते खरखरीच्याही कितीतरी खालचे आहेत, आणि तिथे गाण्याचा अंशही नाही. आजचे बहुतेक प्लेअर आणि डॅक (डिजिटल ध्वनीचं विद्युत संकेतात रूपांतर करणारं उपकरण) २४ बिटांत काम करतात, तिथे तर हा प्रश्न उद्भवतही नाही.

आता बीन आणि सनईकडे येतो. पनवेलजवळ पळस्प्याला गुरुकुल उभारणाऱ्या झिया मोहिउद्दीन डागरांच्या बीनचा आलाप आणि बिस्मिल्ला खाँसाहेबांची सनई एका पातळीवर आणली तर बीन आहे त्यापेक्षा मोठी वाटणार, हा आक्षेप खरा आहे. समोर बसून ऐकलं तर बीन कानाशी हळू बोलते आणि सनई अख्खं अंगण भरते. पण हे नातं कोणत्या फाइलमध्ये शिल्लक आहे? बीन मुद्रित करताना मायक्रोफोन तारांजवळ ठेवून पातळी वर घेतलेली असते, सनईला तो लांब ठेवून खाली घेतलेली असते. दोन्ही वेगळ्या खोलीत, वेगळ्या साली, वेगळ्या हातांनी. खोलीतलं नातं मुद्रणाच्या वेळीच संपलेलं आहे. पातळी न लावता फाइली ऐकल्यानं ते परत येत नाही, त्या जागी निव्वळ योगायोग ऐकू येतो.

आणि एक गोष्ट या वादात कुणी बोलत नाही. आवाजाचा मोठेपणा आपण फक्त पातळीवरून ओळखत नाही. कुणी दुरून ओरडलं तरी तो ओरडतोय हे कळतं, कुणी कानाशी कुजबुजलं तरी ती कुजबुज आहे हे कळतं. कारण घशावरचा ताण, श्वासाचा भार, वरच्या सप्तकातली धार ही आवाजाच्या पोतातच असते. केसरबाईंचा भरदार, मोकळा आकार आणि अब्दुल करीम खाँसाहेबांचा नाजूक, सुरेल लगाव एका पातळीवर ऐकले म्हणून एकमेकांसारखे होत नाहीत. उलट त्यांचा फरक अधिक स्वच्छ ऐकू येतो, कारण आता तो पातळीच्या फरकामागे लपलेला नसतो.

या मुद्द्यापाशी मी जरा जास्त थांबतो, कारण रसिकांचा सगळा व्यवहार तुलनेवर चालतो. एकच यमन तीन गायकांचा, एकाच गायकाचा मारवा तरुणपणीचा आणि उतारवयातला. अशा तुलनेत कान फसतो, आणि कसा फसतो हे माहीत आहे. १९३३ साली फ्लेचर आणि मन्सन यांनी दाखवलं की आवाज हळू झाला की खालचे स्वर वरच्या स्वरांपेक्षा जास्त वेगानं कानाआड जातात. म्हणजे जी फाइल हळू आहे तिच्यात डग्ग्याचा घुमारा विरतो, तंबोऱ्याच्या खर्जाचा भार कमी होतो, पुरुषी आवाजाची छाती आत गेल्यासारखी वाटते. गाणं तेच, पण ते पातळ भासतं. फरक एखाद्या डेसिबलचा असला तर एक फाइल मोठी आहे हे लक्षातही येत नाही. फक्त ती ‘जास्त जिवंत’ वाटते. मग आपण म्हणतो, नंतरच्या काळातलं गाणं अधिक भरीव आहे. ते भरीव असेलही. पण नंतरच्या काळातलं मुद्रण मोठ्या पातळीवर उतरवलेलं असतं, आणि निवाडा आपण गायकाचा करतोय की मास्टरिंगचा, हे पातळी सारखी केल्याशिवाय कुणालाही सांगता येणार नाही. ज्या माणसाला दोन गायक्यांमध्ये न्याय करायचा आहे त्यानं तरी या कामाला नकार देऊ नये.

पूर्वपक्षाला चढउतार जपायचा आहे. तो चढउतार गेल्या तीस-चाळीस वर्षांत कुणी मारला? पातळी मोजणाऱ्यांनी नाही. मोठा वाजणारा ध्वनी पहिल्या ऐकण्यात सरस वाटतो, हे ओळखून सीडी काढणाऱ्यांनी लिमिटर, म्हणजे उंच टोकं दाबणारं साधन, लावून आवाज चढवत नेला. त्याला ‘लाउडनेस वॉर’ असं नाव पडलं. २००८ मध्ये मेटालिका या बँडच्या ‘डेथ मॅग्नेटिक’चं उदाहरण गाजलं: तीच गाणी ‘गिटार हिरो’ या खेळात मोकळ्या श्वासानं वाजत होती आणि सीडीवर ठेचून निघाली होती, त्यामुळे चाहत्यांनीच तक्रार केली. आपल्याकडे जुन्या ध्वनिमुद्रणांच्या ‘रीमास्टर’ आवृत्त्यांतही ही लागण झालेली ऐकू येते. असं ठेचण्यामागचा फायदा एकच असतो, शेजारच्यापेक्षा मोठं वाजणं. ऐकणारा पातळी सारखी करून ऐकू लागला की तो फायदा शून्य होतो: ठेचलेली आवृत्ती खाली येते, मोकळी आवृत्ती आहे तिथे राहते, आणि दोन्ही सारख्या आवाजात शेजारी शेजारी ऐकल्या की ठेचलेली निर्जीव वाटते. चढउताराचं रक्षण करणारं याहून साधं हत्यार ऐकणाऱ्याच्या हातात दुसरं नाही.

एवढं म्हटल्यावर पूर्वपक्षाचं जे खरं आहे ते मान्य करून पुढे जायला हवं. ही क्रिया आंधळेपणानं केली तर बिघडवते, आणि बहुतेकांचं बिघडतं ते एकाच ठिकाणी: प्रत्येक फाइलला स्वतंत्र आकडा लावला जातो. मैफल चार फाइलींत असेल, विलंबित, द्रुत, ठुमरी आणि शेवटची भैरवी, तर चारींना वेगळा आकडा लावल्यावर विलंबित आणि द्रुत सारख्याच आवाजात वाजतील. इथे मैफल खरोखर मोडते. म्हणूनच रिप्लेगेनमध्ये सुरुवातीपासून दोन आकडे आहेत, एक फाइलचा आणि एक अल्बमचा. अल्बमचा आकडा सगळ्या फाइली एकत्र मोजून निघतो आणि सगळ्यांना तोच लागतो. मैफलीला नेहमी अल्बमचा आकडा लावावा. त्यासाठी आधी टॅग सरळ हवेत. आपल्या संग्रहांमध्ये अल्बमच्या रकान्यात नुसतं ‘भीमसेन जोशी’ किंवा ‘संकीर्ण’ लिहिलेलं सर्रास आढळतं. मग यंत्र बिचारं अनेक दशकांचं गाणं एक मैफल समजून मोजतं. एक बैठक, एक दिवस, एक जागा म्हणजे एक अल्बम. सुट्या तबकड्यांना फाइलचा आकडा ठीक. पण एका बाजूला विलंबित आणि दुसऱ्या बाजूला त्याच रागातलं द्रुत असेल तर त्या दोन बाजू एकत्र मोजाव्यात. निवेदकाचं भाषण कापून वेगळी फाइल करावी, कारण निवेदकाचा माइक अनेकदा गायकाच्या दुप्पट जोरात असतो आणि मोजमापाला चकवतो.

जुन्या तबकड्यांसाठी एक खुबी आहे, ती फार थोड्यांना ठाऊक असते. बीएस १७७० मध्ये सगळ्या चॅनलांची ऊर्जा बेरजेनं धरतात. मोनो फाइल एकच चॅनल म्हणून मोजली जाते, पण वाजते दोन्ही स्पीकरांतून, त्यामुळे प्रत्यक्षात तीन डेसिबलनं मोठी पडते. संग्रहात तबकड्या मोनोत आणि सीडी स्टिरिओत असतील तर सगळं नीट मोजूनही तबकड्या वरचढ वाजतात, आणि लोक पद्धतीलाच दोष देतात. मोजणाऱ्या साधनात ‘ड्युअल मोनो’ असा पर्याय असेल तर तो लावावा. नसेल तर अशा फाइलींचा आकडा तीननं खाली घ्यावा.

लक्ष्य-पातळीही विचारपूर्वक निवडायला हवी. गाणी ऐकवणाऱ्या मोठ्या सेवा उणे १४ किंवा उणे १६ लफ्सच्या आसपास ठेवतात. चित्रपटगीतांना ते चालतं. ख्यालाच्या मैफलीत सरासरी आवाज आणि तबल्याची सर्वांत जोरकस थाप यांत २० डेसिबलचंही अंतर असू शकतं. तिला उणे १४ वर उचललं की थापा वरच्या कडेवर आपटून फाटतात. तिथे युरोपीय प्रसारकांचं उणे २३ हेच योग्य. लहानाला वर ओढण्यापेक्षा मोठ्याला खाली आणावं, आणि मग सगळ्यांसाठी एकदाच ॲम्प्लिफायरचं बटण वाढवावं. फोनवर हा आवाज अपुरा वाटेल, चांगल्या ॲम्प्लिफायरवर वाटणार नाही.

साधन निवडताना एवढंच पाहावं की ते टॅग लिहितं की ध्वनी बदलतं. फ्लॅक फाइलींना टॅग पुरतो. फूबार २००० सारखे प्लेअर तो स्वतःच मोजतात आणि वाचतातही. टॅग न वाचणाऱ्या जुन्या प्लेअरसाठी एमपी३ मध्ये एक सोय आहे: प्रत्येक फ्रेममध्ये आवाजाचा एक आकडा असतोच, तो दीड-दीड डेसिबलच्या पायऱ्यांनी बदलता येतो आणि फाइल पुन्हा एनकोड न करता मूळ जागी आणता येतो. एफएफएमपेग या ध्वनिसंस्करणाच्या साधनातलं ‘लाउडनॉर्म’ मात्र एकाच फेरीत चालवलं तर गाणं चालू असताना आवाज वर-खाली करत राहतं. म्हणजे वर सांगितलेली दुसरी क्रिया नाव बदलून परत येते. त्याची शिफारस सर्रास केली जाते. मैफलींसाठी तसं चालवू नये.

संग्राहक मंडळींना माझी विनंती एवढीच आहे. उतरवलेली मूळ फाइल कधीही बदलू नका. आकडा टॅगमध्ये लिहा, मैफल एकत्र मोजा आणि दुसऱ्याला देताना मूळ फाइलच टॅगसह द्या. आणि तुमच्याकडे कुणी नॉर्मलाइज किंवा कॉम्प्रेस करून ठेचलेली प्रत पाठवली, तर ती संग्रहात ठेवण्याआधी त्यांच्याकडे मूळ प्रत मागा.